अंग चेपणारे यंत्र घरी आणताना

शुक्रवारची सकाळ होती. चेन्नईत मैलापूरच्या ज्या गल्लीत आम्ही राहतो, तेथे शुक्रवारची सकाळ नाकानेच ओळखू येते. स्त्रियांनी मंगळवारी व शुक्रवारी, पुरुषांनी बुधवारी व शनिवारी अंगाला तेल लावून न्हावे असा तमिळ घरांचा जुना परिपाठ आहे. तो आता पुष्कळ सैल झाला असला, तरी वडीलधाऱ्यांच्या घरी अजून टिकून आहे. तिळाच्या तेलास येथे ‘नल्लेण्णै’, म्हणजे ‘चांगले तेल’ असेच म्हणतात. त्या कोमट केलेल्या तेलाचा आणि शिकेकाईचा वास जिन्यात दरवळत असतानाच शेजारच्या मामी एक खोके घेऊन आमच्या दारी आल्या.

मामींचे वय अडुसष्ट. काशीयात्रा करून त्या आठवड्यापूर्वीच परतल्या होत्या. येतानाचा दोन रात्रींचा प्रवास बहुतेक बसूनच झाला होता, आणि तेव्हापासून पाय दुखत होता. परदेशी असलेल्या मुलास हे कळताच त्याने लगोलग अंग चेपण्याचे विजेवरचे यंत्र धाडून दिले. केस वाळविण्याच्या यंत्रासारखे दिसणारे, पिस्तुलाच्या आकाराचे, पाच निरनिराळी टोके असलेले ते यंत्र होते. सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती.

“तू दिवसभर भाषांतरेच करतेस ना? मग हे एवढे मला तमिळमध्ये सांग,” मामी म्हणाल्या.

अशा पुस्तिकांची रचना ठरलेली असते. पहिल्या पानांवर यंत्राची स्तुती, मधल्या पानांवर हसऱ्या तरुण-तरुणींची चित्रे, आणि शेवटच्या पानावर, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा टाइपात, ते कोणी वापरू नये याची यादी. भाषांतरकाराला एक खोड असते. तो मजकूर शेवटापर्यंत वाचतो. मी वाचत गेले. हृदयाला गतिनियामक बसविलेल्यांनी वापरू नये. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असल्यास वापरू नये. पायातील शिरेत रक्ताची गुठळी असल्यास, अथवा तशी शंका असल्यास, वापरू नये. “गुठळीची शंका कशावरून यायची?” मामींनी विचारले. एकाच पायाची पोटरी सुजते, दुखते, हाताला गरम लागते, कधी लालसर दिसते, एवढे मला ठाऊक होते. तेवढे मी सांगितले. मामी काही क्षण बोलल्या नाहीत. मग त्यांनी लुगड्याची कड जराशी वर केली. डावी पोटरी उजवीपेक्षा उघडच जाड दिसत होती.

त्या दिवशी न्हाणे राहिले. दुपारी रुग्णालयात ध्वनिलहरींनी शिरांची तपासणी झाली, आणि डाव्या पायाच्या खोल शिरेत गुठळी असल्याचे दिसून आले. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला तो हा: “पाय कोणी चोळला तर नाही ना?”

वाचकहो, हा प्रश्न त्यांनी का केला ते आधी सांगते, कारण प्रस्तुत लेखाचे सारे प्रयोजन त्यातच आहे. आपण पुष्कळ वेळ पाय हलविल्यावाचून बसलो, की पोटरीतील रक्ताचा प्रवाह मंदावतो. पोटरीचे स्नायू हे पायातील रक्त वर ढकलणारे पंपच होत. ते थांबले की रक्त साचते आणि क्वचित् गोठते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासाने, मग तो विमानाचा असो, आगगाडीचा असो वा मोटारीचा, अशी गुठळी होण्याचा संभव सुमारे दुप्पट होतो. मूळ संभवच लहान असल्यामुळे निरोगी माणसाच्या बाबतीत हे प्रमाण सहा हजारांत एक एवढेच भरते. म्हणून प्रवासाला भिण्याचे कारण नाही. परंतु गुठळी एकदा झालीच, तर तिच्यावर दाब देणे, चोळणे, ठोके देणे हे घातक होय. ती शिरेच्या भिंतीपासून सुटून रक्तासोबत वाहत जाते आणि फुप्फुसाच्या वाहिनीत अडकते. त्यातून प्राणावर बेतू शकते. ज्या दुखण्यावर माणसाचा हात आपण होऊन चोळण्यासाठी जातो, नेमके त्यातलेच एक दुखणे असे निघावे, ही मोठी कठीण गोष्ट आहे.

आता कोणी म्हणेल, मग आपल्या वाडवडिलांनी इतकी शतके अंग रगडून घेतले ते काय? वाडवडिलांचे शास्त्र नीट पाहिले, तर तेही या बाबतीत सावधच होते असे दिसते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येचा अध्याय आहे. अभ्यंग नित्य करावा, मस्तक, कान व पाय यांना विशेषकरून तेल लावावे, असे तेथे सांगितले आहे, आणि लगेच पुढे अभ्यंग कोणी करू नये तेही सांगितले आहे: कफाने ग्रासलेल्याने, नुकतीच शोधनक्रिया झालेल्याने, अजीर्ण झालेल्याने. पुस्तिकेचे ते शेवटचे पान वाग्भटाने पहिल्याच पानाला जोडून ठेवले होते असे म्हणावयास हरकत नाही!

तमिळ प्रदेशातील सिद्धवैद्यकात मर्दनास ‘तोक्कणम्’ असे नाव असून त्याचे नऊ प्रकार मानले आहेत. थोपटणे, आवळणे, धरणे, पिळणे, दाबणे, ओढणे, हलविणे हे त्यांतले काही. चेन्नईच्या तांबरम् भागात २००५ साली राष्ट्रास अर्पण झालेली राष्ट्रीय सिद्ध संस्था आहे. तेथे हे मर्दन शिक्षणाचा व उपचाराचा विषय आहे. दुकानात मिळणारे कोणतेही एक यंत्र या नवांपैकी दोन किंवा तीन क्रिया करते, आणि तीही आपण कोणाच्या अंगावर चाललो आहोत हे न जाणता. माणसाचा हात दाबतो आणि त्याच वेळी तपासतोही. सूज, उष्णता, गाठ, दचकून आखडलेला स्नायू हे सारे त्याला कळते. मामींची पोटरी कोणा जाणत्या हाताने धरली असती, तर तो हात तेथेच थबकला असता.

दक्षिणेत राहणाऱ्या मराठी माणसाला अशा वेळी तंजावर आठवते. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी तेथे धन्वंतरी महाल उभारून देशी व पाश्चात्य वैद्यकाचा एकत्र अभ्यास करविला. त्यांच्या काळी उपचार केलेल्या नेत्ररोग्यांची टिपणे, रोगट डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, आजही जपून ठेवलेली आहेत. आधी रोगी नीट न्याहाळावयाचा, टिपून ठेवावयाचे, मग औषध. आपण मात्र यंत्र आधी मागवितो.

यंत्रांचा इतिहास फार लांबवीत नाही. एक-दोन गमतीच्या गोष्टी तेवढ्या सांगते. आपण केस धुण्यासाठी जो ‘शाम्पू’ वापरतो, तो शब्द ‘चाँपो’ म्हणजे ‘चेपा’ या हिंदुस्थानी आज्ञार्थावरून इंग्रजीत गेला, आणि प्रारंभी त्याचा अर्थ अंग चेपणे असाच होता. मूळचे पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी १८१४ च्या सुमारास इंग्लंडातील ब्रायटन येथे वाफेची स्नाने व चंपी यांचा व्यवसाय मांडला, आणि पुढे ते चौथ्या जॉर्ज राजाचे चंपीवैद्य झाले. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १८६५ साली, स्टॉकहोम येथे गुस्ताव्ह झांडर या डॉक्टरने अंगाला व्यायाम व मर्दन देणाऱ्या यंत्रांची संस्था काढली. त्यातील काही यंत्रे वाफेवर चालत. मॉर्टिमर ग्रॅनव्हिल या इंग्रज वैद्याने १८८३ साली कंपनाने वेदना शमविण्यावर ग्रंथ लिहिला. आजच्या सर्व यंत्रांचे कूळ येथवर येऊन पोहोचते.

चोळल्याने बरे का वाटते, याचाही उलगडा विसाव्या शतकात झाला. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडले की मज्जारज्जूत वेदनेच्या मार्गावर जणू एक दार आहे. स्पर्श व दाब यांची वार्ता जाड तंतूंतून वेगाने येते आणि ते दार लोटून घेते, त्यामुळे मागून येणारी वेदनेची वार्ता अडते. कोपराला ठेच लागताच आपण तो चोळू लागतो, ते याच कारणाने. मात्र यावरून हेही ध्यानात यावे की चोळण्याने वेदना कमी होते. वेदनेचे कारण नाहीसे होतेच असे नाही. यंत्राने चरबी वितळते, पोट उतरते, गुडघ्याची झीज भरून येते, असे सांगणाऱ्या जाहिराती पाहिल्या म्हणजे पान उलटावे हे बरे.

आता बाजारात जाऊ. चेन्नईत माउंट रोडला (आता अण्णा सालै) लागून रिची स्ट्रीट म्हणून विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची प्रसिद्ध गल्ली आहे. त्यागराजनगरातील मोठ्या दुकानांतूनही ही यंत्रे मांडलेली असतात. आणि घरबसल्या मागविण्याची सोय तर सर्वत्र झालीच आहे. (‘पर्सनल मसाजर’ या नावाखाली सज्ञान स्त्री-पुरुषांच्या खाजगी उपयोगाची साधनेही विकली जातात. तो विषय निराळा आहे. येथे केवळ दुखऱ्या स्नायूंच्या यंत्रांचा विचार केला आहे. नाव सारखेच असल्याने मागविताना वर्णन वाचून घ्यावे.)

मामींना आले तसले ठोके देणारे यंत्र सध्या सर्वांत अधिक खपते. त्याचे टोक मिनिटाला साधारणपणे अठराशे ते बत्तीसशे वेळा मागेपुढे होते. खोक्यावर हा आकडा ठळकपणे छापलेला असतो, आणि गिऱ्हाईक त्यालाच भुलते. वस्तुतः दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे: टोक दर ठोक्याला किती मिलीमीटर आत-बाहेर जाते. सहा-सात मिलीमीटर असेल, तर घरातील बहुतेकांना ते पुरे. बारा ते सोळा मिलीमीटर हे खेळाडूंच्या मांड्यांसाठी असते, आजींच्या खांद्यासाठी नव्हे. तिसरी गोष्ट वजन. किलोभराचे यंत्र दुकानात हलके वाटते. परंतु आपल्याच पाठीवर ते धरण्यासाठी हात मागे वळविला, की दोन मिनिटांत तो हातच दुखू लागतो. घरी धरून देणारे दुसरे माणूस नसेल, तर लहान व हलके यंत्रच घ्यावे. टोकांपैकी मऊ स्पंजाचा मोठा गोळा आहे ना, एवढे पाहावे. अणकुचीदार टोक बहुधा कपाटातच राहावे हे इष्ट.

या यंत्राचा अतिरेक तरुणांनाही भोवतो. सायकल चालवून आलेल्या एका तरुणीच्या मांड्यांवर असे यंत्र चालविल्यानंतर तिच्या स्नायूंचे तंतू मोडून त्यातील द्रव्ये रक्तात उतरली, लघवी चहाच्या रंगाची झाली आणि तिला रुग्णालयात जावे लागले, असा वृत्तांत २०२१ साली ‘फिजिकल थेरपी’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. अशा घटना विरळा घडतात हे खरे. तथापि “जितके जोरात तितके बरे” या समजुतीला त्याने आळा बसावा.

मानेसाठी व पाठीसाठी उशीच्या आकाराची यंत्रे मिळतात. त्यांत आतले गोळे फिरून कणीक मळल्याप्रमाणे स्नायू मळतात. बहुतेकांत शेकही असतो. दिवसभर टेबलाशी वाकून काम करणाऱ्यांस हे सोयीचे वाटते, कारण हाताने काही धरावे लागत नाही. मात्र ते मानेच्या मागच्या बाजूस व खांद्यांवरच ठेवावे. मानेच्या पुढच्या व बाजूच्या भागातून मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात. तेथे कोणतेच यंत्र, अगदी सौम्यसुद्धा, लावू नये.

पायांसाठी दोन तऱ्हा आहेत. एकीत पाय खोबणीत घातला की गोळे तळवे व पोटऱ्या मळतात. दुसरीत कापडी मोजा पायाला गुंडाळून त्यात हवा भरली व सोडली जाते. या दुसऱ्या तऱ्हेविषयी एक विलक्षण गोष्ट आहे. शस्त्रक्रियेनंतर निजून असलेल्या रोग्यांच्या पायांत गुठळी होऊ नये म्हणून रुग्णालयांत याच तत्त्वाची साधने लावतात. आणि गुठळी झालेली असेल, तर त्याच पायावर ती लावीत नाहीत. मामींच्या मुलाने हे दुसरे यंत्र पाठविले असते, तरीही धोका टळला नसता.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे काशाची वाटी आठवली असेलच. तांबे व कथील यांच्या मिश्रधातूची ती वाटी, तळव्याला चोपडलेले तूप वा तेल, आणि रात्री दिव्याखाली आजोबांचे पाय घासणारी नातवंडे. आता फिरत्या काशाच्या थाळीची विजेची यंत्रेही निघाली आहेत, आणि ठिकठिकाणी त्यांची दुकाने थाटलेली दिसतात. तूप काळे पडते ते “शरीरातील उष्णता बाहेर पडली” म्हणून, असे तेथे सांगतात. काळेपणा मुख्यतः धातू, स्निग्धांश आणि घाम यांच्या संयोगाने येतो. निरोगी माणसाचे तूपही काळे होते. पण त्याने तळव्यांना जो आराम मिळतो तो खोटा नव्हे. किंमत, वीज, बिघाड यांचा हिशेब केला, तर साध्या वाटीहून स्वस्त व निर्धोक साधन मला तरी दुसरे दिसत नाही. मात्र तळव्यांत संवेदना शाबूत हवी.

ही अट चेन्नईत बसून लिहिताना विसरता येत नाही. डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९४८ साली येथील स्टॅन्ली रुग्णालयात मधुमेह्यांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग काढला; भारतातील मधुमेहचिकित्सेचा पाया त्यांनी घातला असे मानतात. भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह आहे, हा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज ज्या देशव्यापी पाहणीतून निघाला, तिचे सूत्रचालनही भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने चेन्नईच्याच मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशनने केले. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांतील मज्जातंतू मंदावतात. यंत्राचा शेक किती तापला, गोळा कोठे रुतला, कातडी कोठे सोलवटली, हे त्या पायाला कळतच नाही. सकाळी फोड दिसतो, तो चिघळतो, आणि त्याचा शेवट कधी कधी बोट किंवा पाऊल काढून टाकण्यात होतो. याची परीक्षा फार सोपी आहे. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक जाड तंतू डॉक्टर तळव्याच्या ठरावीक जागी टेकवितात आणि “लागते का?” असे विचारतात. न लागल्यास त्या पायाला शेक देणारे यंत्र, फिरती थाळी, गरम पाण्याची पिशवी, सारेच वर्ज्य. घरात मधुमेही वडीलधारे असतील, तर यंत्राची चौकशी करण्यापूर्वी ही एवढी परीक्षा करवून घ्यावी. तिला काही मिनिटे पुरतात.

आणखी काहींनी डॉक्टरांना विचारल्यावाचून यंत्राच्या वाटेस जाऊ नये. गर्भवती स्त्रिया, हाडे ठिसूळ झालेले वृद्ध, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, कारण त्यांना थोड्या ठोक्यानेही काळेनिळे वळ उठतात, नुकतीच शस्त्रक्रिया वा अस्थिभंग झालेले, कर्करोगाचे रुग्ण, पायावर फुगलेल्या निळ्या शिरा असलेले. गतिनियामक असलेल्यांनी तर विजेचा सौम्य झटका देणाऱ्या पट्ट्यांपासून दूरच राहावे. आणि काही वेदना अशा असतात की त्यांना यंत्र लावण्यात वेळ दवडणे हाच अपराध ठरतो. छातीत दडपण व घाम यांसह डावा खांदा किंवा हात दुखणे; पाठदुखीसोबत पायातील शक्ती जाणे, बैठकीची जागा बधिर होणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे; तापासह किंवा वजन घटत असताना येणारी, रात्री झोपेतून उठविणारी पाठदुखी; पाय सुजलेला असताना एकाएकी धाप लागणे. यांतले काही दिसताच थेट रुग्णालय गाठावे.

एवढे सारे वाचून ज्यांच्या बाबतीत हरकत नाही असे ठरले, त्यांच्यासाठी खरेदीच्या चार गोष्टी. घरगुती विद्युत् उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. ३०२ हे मानक आहे. तारेने भिंतीला जोडावयाचे यंत्र घेताना त्याविषयी विचारावे. प्लगला तिसरा, जमिनीचा, दांडा नसेल, तर यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असली पाहिजे. दुहेरी आवरणाची ती खूण होय. विजेरीवर चालणारे यंत्र असेल, तर आतील लिथियमच्या विजेरीवर आणि चार्जरवर ब्यूरोचा, ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणीक्रमांक असतो. हा क्रमांक ब्यूरोच्या ‘बी.आय.एस. केअर’ या फोनवरील सोयीतून ताडून पाहता येतो. खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, कोणत्या देशात बनले, कमाल किंमत, हे सर्व छापलेले असणे कायद्याने आवश्यक आहे. ते नसेल तर किंमत कितीही पडलेली असली तरी ते यंत्र तेथेच ठेवावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५.

दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होणारे यंत्र घ्यावे, कारण गुंगी येऊन डोळा लागतो हे अनुभवाचे आहे. सर्वांत मंद गतीवर ते चालवून कानाशी धरावे. मंद गतीलाच घरघर करीत असेल, तर दुपारी निजलेल्या घरात ते कोणी लावू देणार नाही. हजार रुपयांपासून लाखाच्या पलीकडे, मर्दनाच्या खुर्चीपर्यंत, किंमती पसरलेल्या आहेत. माझे मत विचाराल, तर खुर्ची घेऊ नये. पहिले दोन महिने तिच्यावर माणसे बसतात आणि नंतर धुतलेले कपडे.

तेल आणि यंत्र यांची गाठ घालू नये, हे चेन्नईकरांना मुद्दाम सांगावे लागते. तेलाने स्पंज कुजतो, फटीतून ते मोटारीपर्यंत पोहोचते, आणि निसटत्या हातातून यंत्र पडते. न्हाणीघरात तर ते नेऊच नये. समुद्रकाठच्या दमट हवेत विजेरीची यंत्रे उघडी टाकू नयेत. उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नयेत. बिछान्यावर ठेवून रात्रभर विजेला लावून ठेवू नयेत. विजेरी फुगलेली दिसली की वापर बंद. चालविताना पातळ कपड्यावरून, मांसल भागावर, मंद गतीने, एका जागी मिनिटभराहून अधिक नाही. हाड, सांधा, पाठीचा कणा, पोट व गुडघ्यामागची खोबण टाळावी. दुखणे वाढले किंवा मुंग्या आल्या तर थांबावे. आठवडाभरात उतार न पडल्यास यंत्राची गती वाढविण्याऐवजी भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जावे.

मामींना काही महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागल्या. त्या काळात यंत्र खोक्यातच होते. मुलगा फोनवर प्रत्येक वेळी विचारी, “अम्मा, मशीन कसे आहे?” आणि मामी उत्तर देत, “मशीन चांगले आहे. मीही चांगली आहे.” काय घडले ते त्यांनी त्याला गोळ्या बंद झाल्यावरच सांगितले. आता उजव्या खांद्यापुरती, सर्वांत मंद गतीवर, दहा मिनिटांची परवानगी डॉक्टरीणबाईंनी दिली आहे. पुस्तिकेचे शेवटचे पान मी मोठ्या अक्षरांत तमिळमध्ये उतरवून दिले. ते खोक्याच्या झाकणाला आतून चिकटविलेले आहे. मागच्या शुक्रवारी मामी पुन्हा दारी आल्या. मुलाने स्वतःसाठीही तसलेच यंत्र घेतले होते, आणि त्यालाही त्या पानाची एक प्रत हवी होती. “इंग्रजी तर त्याच्याजवळ आहेच की, मामी,” मी म्हटले. “ते त्याने कुठे वाचले आहे?” मामी म्हणाल्या.